विश्लेषण : शाळकरी मुलांच्या मोबाइलमध्ये पैसा… मैत्रीचा हिशेब कसा बदलतो आहे?

मित्राच्या वाढदिवसाच्या केकची वर्गणी, रविवारच्या टर्फचे भाडे, क्लास सुटल्यावरची कोल्ड कॉफी, गणेशोत्सवातला मंडळाचा टी-शर्ट… आठवी ते बारावीच्या मुलांचा बराचसा खर्च असा चारचौघांत होतो आणि आता तो क्यूआर कोडवर होऊ लागला आहे. पालकांना त्यात उधळपट्टी दिसते. मुलांच्या लेखी मात्र ती गटात टिकून राहण्याची फी असते. लहान वयातच स्वतंत्र बँक खाते आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सोय उपलब्ध झालेली असताना या खर्चाकडे कसे पाहायचे, याचा हा आढावा.

दहा वर्षांच्या मुलाला स्वत:चे खाते चालवता येते?

होय. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ रोजी अल्पवयीनांच्या ठेव खात्यांबाबत सुधारित सूचना काढल्या. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना त्यांची इच्छा असल्यास बचत खाते किंवा मुदत ठेव खाते स्वतंत्रपणे उघडू आणि चालवू देण्याची मुभा बँकांना आहे. किती रकमेपर्यंत आणि कोणत्या अटींवर, हे प्रत्येक बँकेने आपल्या जोखीम धोरणानुसार ठरवायचे आहे. इंटरनेट बँकिंग, एटीएम किंवा डेबिट कार्ड, धनादेश पुस्तिका या सोयी द्यायच्या की नाही, हेही बँकेवरच सोपवले आहे. त्यानुसार धोरणे तयार करण्यासाठी बँकांना १ जुलै २०२५ पर्यंतची मुदत होती.

ही कल्पना नवी नाही. दहा वर्षांवरील मुलांना स्वतंत्र बचत खात्याची परवानगी रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच दिली होती. मात्र तेव्हा ‘यूपीआय’ अस्तित्वात नव्हते. ते २०१६ मध्ये आले आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावरील व्यवहारांची संख्या २,००० कोटींच्या वर गेली. त्यामुळे २०१४ मधले खाते प्रामुख्याने ओवाळणीचे आणि खाऊचे पैसे साठवण्यासाठी होते, तर आजच्या खात्यातून मधल्या सुट्टीतही खर्च करता येऊ शकतो.

नियमात एक महत्त्वाचे संरक्षण आहे. अल्पवयीनाच्या खात्यात शिल्लक कायम जमेची असली पाहिजे. खात्यातील रकमेपेक्षा जास्त पैसे काढू देता येत नाहीत. म्हणजे शाळकरी मूल बँकेचे देणेकरी होऊ शकत नाही. मित्राचे होऊ शकते आणि नियमांचा हात तिथवर पोहोचत नाही.

‘यूपीआय सर्कल’ म्हणजे काय?

मुलाचे स्वत:चे खाते नसले तरी पालकांच्या खात्यातून त्याला पैसे देता यावेत, यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ‘यूपीआय सर्कल’ ही सोय आली. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पालक खर्चाची मर्यादा ठरवून देतात. ही मर्यादा महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये आणि एका व्यवहाराला ५,००० रुपये इतकी असू शकते. त्या मर्यादेत मूल आपल्या मोबाइलवरून परस्पर पैसे देऊ शकते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक व्यवहाराची विनंती पालकांकडे येते आणि त्यांनी पिन टाकल्यावरच पैसे जातात. एका खातेदाराला असे पाच जण जोडता येतात.

यातील १५,००० रुपये ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. पालकांना ती ५०० रुपयांवरही ठेवता येते. याशिवाय किशोरवयीनांसाठी आगाऊ पैसे भरून वापरायची कार्डे आणि अ‍ॅप बाजारात आहेत. या सगळ्या सोयी ‘मुलांना व्यवहार शिकवा’ या आवाहनासह येतात. मात्र त्या पैसे कसे द्यायचे एवढेच शिकवतात. मित्राने आग्रह केल्यावर नाही कसे म्हणायचे, हे त्यात कुठेच नसते.

मुले नेमका खर्च कशावर करतात?

खाणेपिणे, कपडे, मोबाइलचे रिचार्ज, गेम आणि भेटवस्तू अशी यादी करता येईल. पण यादीपेक्षा प्रसंग महत्त्वाचा. एकट्याने खाल्लेला वडापाव आणि गटाबरोबर घेतलेले पिझ्झाचे तुकडे यांत भूक सारखीच भागते. दुसऱ्यात सोबतीचाही वाटा असतो. फ्रेंडशिप डेचे बँड, दहावीचा सेंड-ऑफ, ट्रेडिशनल डेचा पोशाख, ‘पार्टी कधी देतोस’ हा तगादा, हे सारे नात्यांचे खर्च आहेत.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन प्यू यांनी कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरातील कुटुंबांचा अभ्यास करून २००९ मध्ये ‘लाँगिंग अँड बिलाँगिंग’ हे पुस्तक लिहिले. मुलांचा वस्तूंसाठीचा हट्ट केवळ हावेतून किंवा जाहिरातींमुळे येत नाही, असे त्यांनी दाखवले. वर्गात ज्या गोष्टींची चर्चा चालते, त्या चर्चेत आपल्याला बोलता यावे, आपण मोजले जावे, ही मुलांची गरज असते. प्यू यांनी याला प्रतिष्ठेचे अर्थकारण म्हटले. उत्पन्न कमी असलेले पालकही इतर खर्चांना कात्री लावून मुलासाठी एखादी ‘सगळ्यांकडे असलेली’ वस्तू का घेतात, याचे उत्तर त्यांना यात सापडले.

महाराष्ट्रातील पालकांनाही हे ओळखीचे वाटेल. कर्ज काढून घेतलेला मोबाइल किंवा ऐपतीबाहेरचे बूट यांमागे ‘माझ्या मुलाला कमीपणा वाटू नये’ ही भावना असते. म्हणूनच ‘पैशाची किंमत कळत नाही’ हा मुलांवरचा नेहमीचा आरोप अर्धाच खरा आहे. मुलांना वस्तूची किंमत कदाचित नीट कळत नसेल. गटाबाहेर पडण्याची किंमत मात्र त्यांना पक्की ठाऊक असते.

मित्र सोबत असताना हात सैल का होतो?

याला वयाचे कारण आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये सुमारे ३०० जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात १३ ते १६ वयोगटातील मुलांनी एकटे असतानापेक्षा मित्र शेजारी असताना स्पष्टपणे जास्त धोके पत्करले. चोविशीपुढच्या प्रौढांच्या वागण्यात असा फरक पडला नाही. मित्र पाहत आहेत एवढे कळले तरी किशोरवयीनांच्या मेंदूतील बक्षिसाशी संबंधित भाग अधिक सक्रिय होतात, असे २०११ मधील पुढच्या अभ्यासात आढळले. हे प्रयोग गाडीच्या खेळाचे होते, खर्चाचे नव्हते. पण चारचौघांत ‘चल, मी देतो’ म्हणून मोकळे होणाऱ्या मुलाचे वागणे समजून घ्यायला ते उपयोगी पडतात.

दुसरे कारण पैशाच्या रूपात आहे. नोट खिशातून काढताना जी टोचणी लागते, ती कार्ड किंवा क्यूआर कोड वापरताना बोथट होते. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी रोख पैसे देणाऱ्यांच्या तुलनेत क्रेडिट कार्ड वापरणाऱ्यांनी दुपटीच्या आसपास बोली लावली होती. ही प्रौढ विद्यार्थ्यांची गत. शाळकरी मुलांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात : पाहणारे मित्र आणि न टोचणारा पैसा.

पूर्वी खिशातले ५० रुपये संपले की विषय संपत असे. ‘पैसे नाहीत’ ही सबब तिथल्या तिथे दाखवता येत होती. खाते मोबाइलमध्ये असते तेव्हा ही सबब चालत नाही, कारण ‘घरी सांग, दोन मिनिटांत टाकतील’ हे उत्तर तयार असते. नकार देण्याची एक सोपी वाट अशी बंद झाली आहे.

‘टीटीएमएम’ ते उधारी : अडचण कुठे येते?

‘तुझे तू, माझे मी’ ही पद्धत मुलांनीच रूढ केली आणि ती बरीच न्याय्य आहे. मात्र समान वाटणी आणि समान ऐपत या वेगळ्या गोष्टी आहेत. सहा जणांचे १,२०० रुपयांचे बिल झाले की प्रत्येकी २०० येतात. एकासाठी ती दोन दिवसांची मौज असते, दुसऱ्यासाठी महिनाभराचे पैसे. दुसरा मुलगा दोनदा मित्राकडून उसने घेतो, तिसऱ्यांदा ‘क्लास आहे’ म्हणतो आणि चौथ्यांदा त्याला कोणी बोलावत नाही. भांडण न होता तुटलेली मैत्री पालकांच्या लक्षातही येत नाही.

मोबाइलमुळे उधारीची नोंद राहते. ‘बघू नंतर’ म्हणून विसरले जाणारे ४० रुपये आता तारखेसह दिसतात, त्यांची आठवण ग्रुपवर सर्वांसमोर करून दिली जाते. हिशेब चोख होतो, पण मैत्रीत लागणारी थोडी विसरभोळी उदारता कमी होते.

कायदा या उधारीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये अल्पवयीनाचा करार मुळातच निरर्थक ठरवला. म्हणजे दहावीतल्या मुलाने घेतलेले उसने पैसे करार म्हणून वसूल करता येत नाहीत. प्रत्यक्षात वसुली होते ती टोमणे, टोपणनावे आणि ग्रुपमधून वगळणे या मार्गांनी.

शिवाय परतफेडीचे गणितच अनेकांना येत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२३’ या अहवालात १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलामुलींना दैनंदिन व्यवहाराची गणिते दिली होती. किमान वजाबाकी येणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणांना ठरावीक पैशांत खरेदी बसवता आली. सवलतीचा हिशेब सुमारे ३७ टक्क्यांना जमला. कर्जाची परतफेड किती होईल, हे मात्र जेमतेम १० टक्क्यांना काढता आले.

मुलींची स्थिती वेगळी आहे का?

‘असर २०२३’ नुसार या वयोगटातील बहुतेक सर्वांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वत:चा फोन होता आणि मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. फोन हेच पाकीट झालेल्या काळात याचा अर्थ असा, की पाकीट असलेल्या मुलींचे प्रमाण मुलांच्या निम्म्याहूनही कमी आहे.

त्याचा परिणाम नात्यांवर होऊ शकतो. ज्याच्याकडे फोन तो पैसे भरतो आणि कुठे जायचे, काय खायचे, हेही बहुधा तोच ठरवतो. दुसऱ्याने सतत खर्च केल्यावर ‘एवढे केले तुझ्यासाठी’ हे वाक्य कधीतरी येते आणि नकार देणे अवघड होते. मुलीच्या हाती स्वत:चे थोडे पैसे असणे म्हणूनच चैनीची बाब ठरत नाही. नको त्या ठिकाणाहून रिक्षाने एकटीने घरी परतता येण्याइतके पैसे जवळ असणे ही सुरक्षिततेची सोय आहे.

मुलांवरही उलट्या दिशेने दबाव असतो. पैसे मुलानेच द्यायचे, भेटवस्तू मोठी असली पाहिजे, ही अपेक्षा शाळकरी वयातही शिरली आहे. नाते घरी सांगता येत नसेल, तर त्यावरचा खर्चही सांगता येत नाही. मग पुस्तकाच्या नावाखाली पैसे मागितले जातात.

जवळच्या नात्यात धोका कधी सुरू होतो?

‘आपल्यात काय लपवायचे’ असे म्हणत पासवर्ड आणि यूपीआय पिन सांगितला जातो, तिथे. विश्वासाची खूण म्हणून दिलेला पिन भांडणानंतरही तोच राहतो. दुसरा धोका खासगी छायाचित्रांच्या आधारे पैसे उकळण्याचा आहे. यात रक्कम सहसा लहान सुरू होते आणि पैसे दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते. तिसरा धोका, ‘तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, पुढे पाठव, तुला कमिशन’ या मित्रत्वाच्या विनंतीचा. सायबर फसवणुकीतील पैसे फिरवण्यासाठी अशी भाड्याची खाती वापरली जातात आणि चौकशी खातेदारापर्यंत येते.

अशा वेळी मुलाने घरी सांगणे सर्वांत महत्त्वाचे. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे मदत क्रमांक आहेत. मात्र ‘घरी कळले तर फोन जाईल’ ही भीती असलेले मूल कोणताही क्रमांक फिरवत नाही. ते आणखी पैसे उसने घेते.

गेमवरील कायद्याने खर्चाला लगाम बसला का?

अंशत:. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्यांना शिक्षा नाही.

पण ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ या बंदीत येत नाहीत. खेळातील पात्राचा पोशाख, शस्त्राचे रूप, ‘डायमंड’ यांवरचा खर्च म्हणजे जिंकण्यासाठी लावलेले पैसे नव्हेत. तो बराचसा बुटांसारखाच आहे, संघातल्या मित्रांनी पाहावा म्हणून केलेला. कायद्याने जुगार रोखता येतो. मित्रांच्या नजरेत उठून दिसण्याची इच्छा रोखता येत नाही.

पालकांनी प्रत्येक व्यवहार पाहावा का?

तंत्रज्ञानाने ते शक्य झाले आहे. मुलाने कॅफेत १८० रुपये दिले की आईच्या मोबाइलवर संदेश येतो. लहान मुलांच्या बाबतीत ही देखरेख योग्यच. मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या खर्चाची यादी म्हणजे त्याच्या मैत्रीची रोजनिशी असते. कोणाला पैसे पाठवले, कुठे बसले, किती वाजता, हे सारे त्यात असते. प्रत्येक नोंदीची उलटतपासणी सुरू झाली, की मुले रोखीकडे वळतात किंवा मित्राच्या मोबाइलवरून पैसे भरतात. पालकांच्या हाती यादी राहते आणि माहिती जाते.

कंपन्यांसाठी नियम कडक होत आहेत. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. मुलांचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवरही निर्बंध आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. घरातील देखरेख किती असावी, हे मात्र घरातच ठरवावे लागेल.

मग घरात आणि शाळेत काय करता येईल?

एक, मागेल तेव्हा देण्याऐवजी आठवड्याची ठरावीक रक्कम द्यावी. ती संपली तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावे. आठवड्याला २०० रुपये म्हणजे वर्षाला १०,४०० होतात, हा हिशेब मुलाकडूनच करून घ्यावा.

दोन, त्यातील काही भाग ‘न विचारण्याचा’ ठेवावा. एकूण रकमेवर लक्ष असावे, प्रत्येक चहावर नको.

तीन, घरची ऐपत मोकळेपणाने सांगावी. ‘पैसे झाडाला लागतात का’ या वाक्यातून मुलाला काहीच कळत नाही. घरभाडे, हप्ता, किराणा आणि फी वजा जाता किती उरतात, हे आठवीतल्या मुलाला समजते. ‘माझे बजेट शंभरचे आहे, त्यात बसेल असे ठरवू’ हे वाक्य गटात म्हणण्याचा धीर त्यातून येतो. असे एकाने म्हटले, की गप्प बसलेल्या आणखी दोघांची सोय होते.

चार, पिन कोणालाच सांगायचा नाही, हा घराचा नियम असावा. आईवडिलांनी स्वत:चा पिन मुलाला सांगून दुकानात पाठवणेही मग बंद करावे लागेल.

पाच, फसलो तर घरी सांगितल्यावर आधी मदत मिळेल, रागावणे नंतर, हे आधीच सांगून ठेवावे आणि पाळावे.

शाळांमध्ये एकेकाळी ‘संचयिका’ नावाची बचत योजना चालत असे. आता राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राची सहावीपासूनची साहित्यपुस्तके आणि आर्थिक साक्षरता चाचणी उपलब्ध आहे. बचत आणि व्याज यांबरोबर वर्गणी, उधारी आणि भेटवस्तू हे विषयही वर्गात यायला हवेत. वाढदिवसाला काय आणायचे, सेंड-ऑफची वर्गणी कमाल किती, हे वर्गशिक्षकांनी मुलांशी बोलून ठरवले तर सर्वांत कमी ऐपतीच्या मुलालाही मान खाली न घालता सहभागी होता येईल. त्यासाठी नव्या अ‍ॅपची किंवा परिपत्रकाची गरज नाही. वर्गातला एक तास पुरेसा आहे.